देवाचा हात

माणसाचा मान त्याच्या ताठ कण्यात असतो, असं जिनदत्त अण्णांचं ठाम मत होतं. त्यांचा स्वतःचा कणा सध्या एका मिटलेल्या छत्रीवर टेकला होता.

छत्रीला कुणी काठी म्हणत नाही, ही तिची सोय. दोन वर्षं ती ऊन नसताना, पाऊस नसताना निपाणीत फिरली. गेल्या आठवड्यात जैन बस्तीला, म्हणजे मंदिरात, दर्शनाला जाताना तिचं टोक फरशीवर सटकलं आणि अण्णा आडवे झाले. म्हणून मुलगा वीरेंद्र आणि सून क्षमा यांनी त्यांना आज बेळगावला, खडेबाजारातल्या काठ्यांच्या दुकानात आणून उभं केलं होतं.

वीरेंद्रनं अट घातली होती. "आज नीट काठी घ्यायची. न्हायतर उद्यापासनं हात धरून न्यायला माणूस ठेवणार."

अण्णा चाळीस वर्षं पहाटे एकटे बस्तीला जात होते. हात धरून त्यांना कुणी नेलं असेल तर ते त्यांच्या आईनं.

त्यांनी पितळी सिंहाच्या मुठीची शिसवी काठी उचलली. ती टेकताच डावा खांदा कानापर्यंत गेला.

"ही फोटोला बरी," दुकानदार रवळू म्हणाला. "चालायला न्हवं." त्यानं ॲल्युमिनियमची, खाली चार पाय असलेली काठी पुढं ठेवली.

अण्णांनी ती बराच वेळ न्याहाळली. "एका पायाखाली किती मुंग्या मरत्यात? मग चार पायांखाली किती?"

सात पिढ्यांची अहिंसा दुकानात उभी राहिली.

"आणि तुमी अख्खेच पडलासा तर?" वीरेंद्रनं विचारलं. "गेल्या आठवड्यात किती गेल्या असतील?"

तो हिशोब अण्णांनी केला नव्हता.

"चप्पल काढा," रवळू म्हणाला. "बस्तीला अनवाणीच जाताय न्हवं? मग माप बी अनवाणीच. हात सैल सोडा. मनगटाच्या रेघेला मूठ आली पाहिजे." त्यानं बटण दाबून काठी एक भोक खाली घेतली, हलवून बघितली. "दुखतोय कुठला पाय?"

"डावा."

"मग काठी उजव्या हातात."

"डाव्या," अण्णा म्हणाले.

"दुखऱ्या बाजूला धरली की सगळा भार त्याच गुडघ्यावर येतोय, अण्णा. काठी चांगल्या बाजूला धरायची असती."

"उजव्या हातात देवाच्या तांदळाचा डबा असतोय."

रवळूनं वीरेंद्रकडं बघितलं. वीरेंद्रनं क्षमाकडं. दोन वर्षं छत्री डाव्या हातात का होती, हे घरातल्यांना आत्ता, तिऱ्हाइताच्या दुकानात कळत होतं.

"मग डबा डाव्या हातात घ्या की," रवळू म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं काउंटरवरचे कागद सारखे केले.

"गळ्यात अडकवायला पिशवी शिवूया," क्षमा हळूच म्हणाली. "डबा त्यात बसंल. दोन्ही हात मोकळे."

"शाळंत निघालोय व्हय मी?"

"शाळंत हात धरून नेत्यात," वीरेंद्र म्हणाला.

अण्णांनी काठी उजव्या हातात घेतली. कपाटापासून दारापर्यंत गेले. दारातून परत आले. मग कुणी न सांगता पुन्हा गेले. दोन वर्षं पावलागणिक कुरकुरणारा गुडघा गप्प होता. तिसऱ्या फेरीला वीरेंद्रनं सवयीनं हात पुढं केला, तर अण्णा त्याला वळसा घालून गेले.

"पिशवी पांढरी शिव," परत येऊन ते क्षमाला म्हणाले. "आणि पट्टा आखूड नको. पोटावर आली पाहिजे, छातीवर न्हवं."

"व्हय, अण्णा."

रवळूनं खणातून काठीच्या पायांची रबरी टोपणं काढली. "ही झिजली की काठी घसरती. जादाची देऊन ठेवतो. रोजचं चालणं किती होतंय?"

अण्णा मुठीकडं बघू लागले. वीरेंद्र रस्त्याकडं बघू लागला.

"जाऊन-येऊन," क्षमा म्हणाली.

निपाणीत बस्ती त्यांच्या दारासमोर आहे. मध्ये बारा फुटांचा बोळ.