फॉरमॅट बघायला

सकाळी साडेदहाला गाईड मॅडमनी हेमांगीचा एम.टेक.चा प्रबंध उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. बहुतेक मजकूर तिची रूममेट शर्वाणी हिच्या आधीच जमा झालेल्या प्रबंधाशी जुळला.

"मॅडम, प्रबंधाच्या चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब मी फोडलेत," हेमांगी म्हणाली. "तिने फॉरमॅट बघायला मागितला, म्हणून फाइल दिली."

मॅडमनी शर्वाणीला बोलावलं.

"उलट आहे, मॅडम. मीच हिला दिली. रडत होती बिचारी."

"एकीची पदवी जाणार," मॅडम म्हणाल्या. "फुटलेल्या क्यूबवर चाचणी करणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं, ते दाखवा."

दोघी लॅबमागे गेल्या, तर क्यूबचा ढीग नव्हता. शिपाई म्हणाला, "ताई, सगळा राडारोडा आत्ताच पार्किंगच्या भरावात टाकला. रोलर फिरायला लागला बघा."

हेमांगी रोलरच्या दिशेने पळाली. शर्वाणी जागची हलली नाही.