अनंताची चाहूल

पाचव्या वर्षी पियानोवर रचलेल्या एका धुनेने त्यांना थोर संगीतकार केलं. ती धून ऐन रंगात येते आणि मध्येच थांबते. त्या शांततेवर जाणकारांनी प्रबंध लिहिले. "इथे अनंताची चाहूल लागते!"
संगीतकार नुसते गालात हसायचे. आईला मात्र कार्यक्रमाला कधी येऊ द्यायचे नाहीत. "कशाला उगीच दगदग!"

आज साठीचा सत्कार होता. म्हातारी हट्टाने आली, थेट पहिल्या रांगेत बसली. धून रंगली, ती जागा आली, बोटं थांबली. समीक्षकांनी डोळे मिटले. सभागृहाने श्वास रोखला.



"अजूनही इथेच शू लागते का रे, सोन्या? पळ, जाऊन ये. थांबतील ही माणसं."