शेवटची चढाई

रोह्यातल्या शाळेच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना बरोबरीत आला होता. शेवटची चढाई पेणच्या वनिताची होती. तिची पाळी सकाळीच आली होती. आईनं जुन्या लुगड्याची घडी कमरेच्या नाडीला दोन पिनांनी अडकवून दिली होती. म्हणाली होती, "नाचलीस तरी हलायची नाय गो."

वनिता एकीला शिवून वळली, तोच रोह्याच्या कुंदानं तिची कंबर गच्च धरली. त्या हिसक्यात पिन उघडली आणि घडी खाली सरकली. वनितानं गुडघे आवळले. तिचं "कबड्डी कबड्डी" रडवेलं झालं. कुंदाच्या बोटाला उघडी पिन आणि घडीचं सुटलेलं टोक लागलं आणि तिला सगळं कळलं.

"जा गो, पळ," ती कानाशी कुजबुजली, आणि तिनं पकड सोडली.

पेण जिंकलं.

"हातात आलेली पोर सोडलीस कशी?" रोह्याचे सर सगळ्यांदेखत कुंदावर ओरडले.

"घामानं हात निसटला, सर."

कमरेला टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या वनिताला वाटलं, पुढं होऊन खरं सांगावं. पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.