मोजका घास

“एकशे चौदा,” टकळी म्हणाली. “काल पुस्तक एकशे वीसवर होतं.”

साहेबांनी मान वर केली नाही. “मी पहिला नंबर म्हणालो होतो. महिना संपायला अकरा दिवस आहेत. आलं तर तू कायम, नाही आलं तर दुसरीकडे बघ.”

प्रकाशकाच्या कचेरीत ऑनलाइन विक्रीचं काम बघणाऱ्या या मुलीला सगळे टकळी म्हणत, कारण फोनवर ती दगडालाही बोलतं करायची. पण या पुस्तकापुढे तिचीच बोलती बंद झाली होती. नोकरी गेली तर भावाच्या घरातला बैठकीचा दिवाण काही सुटणार नव्हता. वहिनी वाईट नव्हती, फक्त रोज सकाळी पांघरुणाची घडी घालता घालता विचारायची, “मग, काय ठरलं तुझं?” घरी तो प्रश्न, कचेरीत पडद्यावरचा, विक्रीच्या क्रमवारीचा दर तासाला बदलणारा आकडा. दोन्हींच्या मध्ये टकळीची पार कोंडी झाली होती.

पुस्तकाचं नाव ‘मोजका घास’. काही मुलांना जन्मापासूनच प्रथिनं सोसत नाहीत. दूध, डाळ, अंडं, सगळं बंद. जे द्यायचं ते काट्यावर तोलून. हजारोंत एखादं असं मूल, आणि त्याच्या आईसाठी हे पुस्तक. घेणार कोण?

लेखक मात्र दर शनिवारी न चुकता यायचे. चाळिशीचे, केस अकाली पिकलेले, बोलणं हळू. पुस्तकावर त्यांनी एका बाईचं टोपणनाव घातलं होतं. “आयांना बाईचाच भरवसा वाटतो,” ते म्हणाले होते.

“सर, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?” टकळीने एकदा न राहवून विचारलं.

“आमची मुलगी तशी होती. पाच वर्षं मी तिचा घास तोलला. एकाच दिवशी गेल्या दोघी. ती आणि तिची आई.”

त्या दिवसापासून टकळी त्या पुस्तकाच्या मागे हात धुऊन लागली.

आधी तिने ते ‘आहार’ या भल्यामोठ्या विभागातून काढून दुर्मीळ आजारांच्या छोट्या विभागात टाकलं. मग अशा मुलांच्या आयांचे गट हुडकले, एकेकीशी तासतासभर बोलली आणि सगळ्यांना बजावलं, “घ्यायचंच असेल तर रविवारी चार वाजता घ्या. एकदम घेतलं की पुस्तक वर सरकतं.” शिवाय एक आमिष ठेवलं. जी आई मुलाची जन्मतारीख, पत्ता आणि फोन नंबर कळवेल, तिला मुलाच्या वयाप्रमाणे आहाराचा तक्ता घरपोच, फुकट.

हे ऐकून लेखक पहिल्यांदाच हसले. “तक्ते मीच बनवीन. फक्त तारीख अचूक घ्या, ताई. महिन्याचाही फरक पडतो.”

रविवारी पाच वाजता पुस्तक नवव्या क्रमांकावर होतं. सहा वाजता तिसऱ्या. गुरुवारी पहिल्या.

शनिवारी लेखक आले, पण क्रमवारी बघायला तयारच नव्हते. तक्ता मागवणाऱ्या आयांची यादी घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचू लागले. दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट थांबलं. बराच वेळ हललं नाही.

“आता जाहिरात थांबवा, ताई.”

“अहो सर, आत्ता कुठे पहिला नंबर आलाय!”

“माझं काम झालं.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात जोडले. “तुमचे उपकार मी विसरणार नाही.”

लेकीच्या आठवणीसाठी माणूस किती झिजतो, असं मनात येऊन टकळीलाही गलबलून आलं.

सोमवारी सकाळी साहेबांनी कायम केल्याचं पत्र तिच्या हातात ठेवलं. तिने ते चारदा वाचलं. संध्याकाळी एक खोली बघायला जायचं ठरवलं आणि उत्साहाच्या भरात यादी पुढे ओढून वाचक बायांना अभिप्रायासाठी फोन लावायला घेतले.

दुपारी लागलेल्या एका फोनवर बाई आधी बिचकली. “कोण बोलतंय? नंबर कुठून मिळाला?” पुस्तकाचं नाव निघाल्यावर मात्र तिचा आवाज सैल झाला.

“अहो, काय सांगू! तुमच्या त्या लेखिकाबाईंनी जणू माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून लिहिलंय. माझी लेक नऊ वर्षांची झाली आता. हुशार आहे, पण बाहेर फारशी सोडत नाही मी तिला.”

“का हो?”

“असंच.” तेवढ्यात मागे दारावरची बेल वाजली. “थांबा हं, तुमचा तक्ताच आला वाटतं. बघते दाराच्या भिंगातून.”

टकळी हसली. पेन उचलून तिने त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

फोनवर पावलं ऐकू आली. ती दाराशी थांबली. बेल पुन्हा वाजली, मग पुन्हा.

“आई, कोण आहे गं?” मुलीचा आवाज.

“श्श. आत जा. आतून कडी लाव.”

मग फोनमध्ये, अगदी जवळून, कुजबुजल्यासारखं आलं:

“हिच्या बापाला आमचा पत्ता कुणी दिला?”