जांभळी तार

टेबलावर चार स्क्रू होते, वीतभर लांबीचं एक डिझेल इंजिन, त्याचं काढून ठेवलेलं आवरण, नखाएवढा स्पीकर आणि रिमोटचे हुकूम इंजिनापर्यंत पोचवणारी चिप, नवा डिकोडर. डिकोडरला नऊ तारा. दोन रुळांकडून येणाऱ्या, दोन मोटरच्या, तीन दिव्यांच्या आणि दोन जांभळ्या, स्पीकरच्या. प्रांजलनं त्या पुन्हा मोजल्या. मग पंखा बंद करून मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप उघडलं. वडिलांच्या दौंडच्या घरातल्या त्या खोलीत कुणी काही बोलत नसताना आकडा होता चौतीस डेसिबल. भोंगा वाजल्यावर तो किती वर जातो, हे तिला बघायचं होतं.

हे खेळण्यातलं इंजिन तिनंच पहिल्या पगारातून आप्पांना आणलं होतं. आप्पा म्हणजे तिचे वडील, सोपानराव. त्यांनी दौंड-मनमाड मार्गावर उभी नोकरी अशाच इंजिनांवर काढली होती. जुना डिकोडर नुसती चाकं फिरवायचा. "मुकं हाय की गं ह्ये," ते तेव्हा म्हणाले होते. "तुझ्या आईला दाखीव. गप कसं ऱ्हायचं ते शिकंल तरी." आई हसली होती. आता आई नव्हती. आप्पा टीव्ही लावत, पण आवाज बंद करून. आवाजानं डोकं उठतं म्हणत.

शिरूरला रेल्वे नाही. प्रांजल नोकरीसाठी तिथं खोली घेऊन राहायची आणि कंपनीच्या बसनं रांजणगावला जायची. संध्याकाळी खोलीवर आली की आप्पांना फोन करायची. ते सगळ्यालाच 'व्हय व्हय, बरं हाय' म्हणत आणि फोन ठेवत. गेल्या आठवड्यात तिनं सांगितलं, कंपनी तीन वर्षांसाठी चेन्नईला पाठवतेय, जाऊ का? तिला वाटलं होतं, ते जरा थांबतील. निदान कुठं राहशील एवढं तरी विचारतील.

"व्हय व्हय," ते म्हणाले होते. "बरं हाय."

कंपनीला उद्या उत्तर द्यायचं होतं.

सात तारा जोडून झाल्या. आप्पा तिच्या मागं खाटेवर बसले होते. तिनं मान वर न करता, इंजिनावर वाकूनच विचारलं, "आप्पा, चेन्नईला हो म्हणून कळवू ना मग?"

सातव्या तारेवरचा सोल्डरचा डाग तिनं फुंकून गार केला. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, आणि मागं वळून पाहिलं.

"व्हय व्हय," आप्पा म्हणाले.

सोल्डरचा धूर तिच्या डोळ्यांत गेला. उरलेल्या दोन तारा तिनं घाईनं जोडल्या, आवरण दाबून बसवलं, चारही स्क्रू आवळले. पुढं विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इंजिन रुळावर ठेवलं तसे आप्पा उठून समोर येऊन बसले. पुढचा दिवा लागला. त्यांनी चष्मा पुसला. आवाज मोजणारा मोबाईल दोघांच्या मधे उघडाच होता.

"वाजीव," ते म्हणाले.

तिनं रिमोटवरचं भोंग्याचं बटण दाबलं आणि लगेच सोडलं. आवरणाच्या फटीतून एका जांभळ्या तारेचं टोक बाहेर आलेलं तिला दिसलं. सोल्डरचा डाग धरला नव्हता, स्पीकरची तार सुटली होती. थांबा, उघडावं लागेल, असं ती म्हणणार होती.

"आयला, ह्योच," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ह्योच आमचा भोंगा. अंकाई ठेसनाच्या अलीकडं आसाच मारायचो. लई ग्वाड वाजतोय, पोरी. आन् एकदा मार."

प्रांजलनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांची नजर तिच्या अंगठ्यावर होती.

तिनं बटण पुन्हा दाबलं आणि या वेळी दाबूनच धरलं. आप्पा डोळे मिटून मान डोलावत राहिले. तिनं मोबाईलकडं पाहिलं.

चौतीस.