पहिली की दुसरी

"यावेळीही माझं ऐकलं नाहीस ना दादा, तर मी निघालो. सोमवारी त्या कंपनीला होकार कळवतो," धाकटा म्हणाला आणि त्याने लॅपटॉप फाटकन मिटला.

थोरला चष्मा पुसत बसला. पलीकडच्या टेबलावर वहिनी फोनवर होती. तिने "थांबा हं जरा" म्हटलं आणि ती दोघांकडे बघत राहिली.

सायकलच्या दुकानावरची एक खोली, हे दोघा भावांचं ऑफिस. लोकांना वेबसाइट बांधून द्यायच्या, हा धंदा. आता एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याचं काम आलं होतं. रुग्णांनी घरबसल्या वेळ ठरवायची, एवढंच. पण बांधायचं कशात? तयार सांगाडा कुठला घ्यायचा? थोरला म्हणे रिअ‍ॅक्ट. इतकी वर्षं त्यावरच पोट भरलं, त्याच्या सगळ्या खाचाखोचा पाठ. धाकटा म्हणे स्वेल्ट. नवं, हलकं, भरभर पळणारं. आजवर प्रत्येक वेळी थोरल्याचंच खरं झालं होतं आणि ते धाकट्याच्या मनात सलत होतं. परगावच्या कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने बॅग काढून कॉटवर ठेवलीसुद्धा.

"बरं, मग लहानपणीसारखं करू," थोरला म्हणाला. "मी कापतो, तू उचल."

इतका राग असूनही धाकट्याला हसू आलं. कलिंगड असो नाहीतर केक, घरात नियम एकच होता: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. कापणारा नेहमी दादा. आणि उचलून झाल्यावर "तुझाच मोठा आहे" म्हणून भोकाड पसरणारा नेहमी धाकटा.

तर ठरलं ते असं. वहिनीने कागदावर एक पान आखून दिलं. दोघांनी तेच पान, त्याच रंगात, आपापल्या पद्धतीने बांधायचं, म्हणजे दिसायला दोन्ही सारखी. थोरल्याने ती इंटरनेटवर 'पहिली' आणि 'दुसरी' अशा दोन वेगळ्या पत्त्यांवर चढवायची, पण कुठल्या पत्त्यावर कोणाचं ते कोणाला सांगायचं नाही. वापरून बघणारी माणसं धाकट्याने निवडायची. आणि निकाल लागेपर्यंत धाकट्याने ते पत्ते उघडायचे नाहीत.

धाकट्याने जीव तोडून काम केलं आणि दादाच्या हवाली केलं. मागाहून त्याच्या लक्षात आलं, कॅलेंडरमध्ये रविवार दाबला की शनिवार उजळतोय. मोजणी एका दिवसाने चुकली होती. झाली का पंचाईत! आता सांगणार कुठल्या तोंडाने? तो गप्प बसला.

दोन दिवसांनी तो दवाखान्यात गेला.

"दुसरी छान आहे," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. "पहिली जड वाटते हो. बोट ठेवलं की विचारच करत बसते. दुसरी कशी, पटकन! फक्त दुसरीत रविवार दाबला की शनिवार लागतो."

धाकटा चोरासारखा ओशाळला, पण मनातून नाचला. खूण पटली. दुसरी आपली!

तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई आल्या. "मलाही दुसरीच आवडली. पण शनिवारचा घोळ पहिलीत आहे."

"नाही मॅडम, दुसरीत."

"अगं पहिलीत! मी स्वतः दाबून बघितलं."

दोघी हुज्जत घालत राहिल्या आणि धाकट्याचं डोकं चक्रावलं. चूक त्याची, एकट्याची. दादाचा हात इतका पक्का, तो रविवार-शनिवारात कसा चुकेल? मग आपली कुठली? पहिली की दुसरी?

त्याने दवाखान्याच्या जिन्यातूनच मावशीला फोन लावला. तिलाही दोन्ही पत्ते पाठवले होते.

"पहिलीच चांगली," मावशी म्हणाली. "डोळ्यांना कशी शांत. दुसरीचे रंग भडक आहेत रे."

"अगं मावशी, रंग दोन्हींचे एकच आहेत!"

"मला शिकवू नकोस. अजून डोळे शाबूत आहेत माझे."

आता काय बोलणार, कपाळ! ही मंडळी पत्त्यांची अदलाबदल करताहेत, त्याने स्वतःची समजूत घातली. तरी ऑफिसचा जिना तो बोटांवर मतं मोजतच चढला. पहिली दादाची की आपली, याचा काही केल्या उलगडा होईना, आणि सोमवार तर उद्यावर आला होता.

वहिनीने मतं मोजली. "दुसरी जिंकली," ती म्हणाली.

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं.

"दुसरी तुझी," थोरला म्हणाला.

"नक्की?"

"मीच चढवली ना? चारी मुंड्या चीत केलंस लेका. आता ते तुझं स्वेल्ट मला शिकव. आणि आधी ती बॅग कॉटखाली ढकल."

वहिनी एकदम उठून खिडकीशी गेली आणि बाहेर बघत पदराने तोंड पुसू लागली. पहिल्यांदाच तो जिंकला होता आणि पहिल्यांदाच दादाचं वाईट वाटत होतं. त्याने तिथल्या तिथे त्या कंपनीला नकार कळवून टाकला.

सोमवारी थोरला आणि वहिनी काम पक्कं करायला दवाखान्यात गेले. धाकटा एकटाच टेबलाशी बसला. दादाने एवढं खपून केलेलं काम आपण पाहिलंसुद्धा नाही, हे त्याला खाऊ लागलं. निदान त्याचं कॅलेंडर तरी बघावं, त्याने मोजणी कशी बरोबर केली ते पाहून आपली चूक दुरुस्त करावी. निकाल लागला होता, आता बघायला हरकत नव्हती.

आधी त्याने दुसरा, आपला पत्ता उघडून रविवार दाबला; अपेक्षेप्रमाणे शनिवार लागला. मग त्याने पहिला, दादाचा पत्ता उघडला आणि रविवारवर बोट ठेवलं.

तिथेही शनिवारच उजळला.