अकरा टक्के

"पुन्हा अकरावरच मेलं!" असं ओरडत फोरमननी भिंतीतला प्लग उपसला.

स्क्रीन काळा झाला. पंखा घरघरत थांबला. सकाळपासून हेच चाललं होतं. कॉम्प्युटर चालू करायचा, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत डिस्क तपासणी सुरू व्हायची, टक्क्यांचा आकडा सरकत सरकत अकरावर यायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. मग फोरमन आधी शिव्या घालायचे, मग टेबलावर बुक्की मारायचे आणि शेवटी प्लग.

फोरमन म्हणजे छापखान्याचे फोरमन. रिटायर होऊन जमाना झाला, तरी गल्लीत सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे. सगळं आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे साधं 'मीठ दे' म्हणाले तरी चौथ्या घरी ऐकू जायचं.

कॉम्प्युटर बायकोचा. मुलीने जुना झाला म्हणून काढून टाकलेला, हिने हौसेने ठेवून घेतलेला. परगावच्या नातीसाठी ती त्याच्यापुढे बसून, माइक तोंडाशी धरून गोष्टी रेकॉर्ड करायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात तिचे फोटो होते, साड्या होत्या. आवाज मात्र त्या डबड्याशिवाय कुठेच नव्हता. आणि डबडं उघडायला तयार नव्हतं.

फोन वाजला. मुलीचा.

"बाबा, झालं का काही? ही पोरगी सारखी विचारतेय. आज आजीची गोष्ट ऐकवणार म्हणालात तुम्ही, म्हणून—"

"म्हणालोय ना? मग ऐकवणारच! तुझ्या या भंगाराला सांग ते!"

"चिडू नका हो. नाही झालं तर मी तिला समजावून—"

"नाही कसं होत, बघतोच मी! तुझ्याकडे एक तरी गोष्ट असायला हवी होती. पाठवली नाही आईने?"

"नाही ना. केव्हाही विचारलं की म्हणायची, पूर्ण झाली की पाठवते."

"घ्या! अर्धवट कामं करायची खोडच तिची. स्वेटर अर्धा, शब्दकोडं अर्धं, गोष्टही अर्धीच!" त्यांनी फोन आपटला.

लगेच उचलून दुरुस्तीवाल्याला लावला.

"साहेब, मी सकाळी पण सांगत होतो, ते बंद नाही पडलेलं, ते—"

"बंद नाही पडलेलं? म्हणजे मी आंधळा?"

"तसं नाही हो. डिस्क जुनी आहे, त्यामुळे ती—"

"जुनी आहे म्हणून तर तुला विचारतोय! नवी असती तर तुझे पाय कशाला धरले असते?"

"अहो, माझं जरा—"

"अकरावर अडकतं! दहा नाही, बारा नाही, अकरा! दुकान कसलं थाटून बसलायस रे?"

दुरुस्तीवाला तसा थंड डोक्याचा. पण थंड डोकं म्हणून किती सोसायचं माणसाने?

"साहेब!" तो असा कडाडला की फोरमननी फोन कानापासून लांब धरला. "आता मध्ये एक शब्द जरी बोललात ना, तर फोन ठेवीन आणि परत उचलणार नाही! सकाळपासून एक वाक्य पुरं करू दिलं नाहीत मला!"

फोरमन चाट पडले. त्यांच्यावर असं आजवर कुणी ओरडलं नव्हतं. छापखान्यात नाही, घरात तर नाहीच नाही.

"ते अडकलेलं नाहीये. डिस्कवर खराब जागा लागली की ते तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं. आकडा हलत नाही, पण पुढचा लाल दिवा लुकलुकतो की नाही? लुकलुकतोय म्हणजे काम चाललंय. वेळ लागणार. दर वेळी तुम्ही प्लग उपसता आणि त्या बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. अजून एकदा मध्येच तोडलंत तर आहे तेही जाईल. आता बोला काय बोलायचं ते."

"मग हे आधी नाही का सांगायचं?" फोरमन म्हणाले.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

फोरमननी कॉम्प्युटर चालू केला. अकरा. हात शिवशिवायला लागले, तेव्हा ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. दुरुस्तीवाल्याला, मुलीला, कॉम्प्युटर बनवणाऱ्या अख्ख्या जमातीला त्यांनी मनातल्या मनात लाखोली वाहिली. प्लगकडे मात्र गेले नाहीत. लाल दिवा लुकलुकत राहिला. जेवणाचं ताट त्यांनी तिथेच आणलं आणि तिथेच विसरले. दुपार कलली तेव्हा कधीतरी अकराचे बारा झाले.

संध्याकाळी स्क्रीन उजळला. एका कोपऱ्यात 'गोष्टी' होत्या. सगळ्या शाबूत.

"बोलाव तिला!" ते फोनवर ओरडले. डोळे पुसायचंही भान त्यांना नव्हतं. "म्हणावं, आजी आलीय. गुपचूप बसून ऐक!"

फोन त्यांनी स्पीकरला टेकवून ठेवला आणि पहिली गोष्ट लावली.

"ऐकतेस ना गं, पिल्ला?" तोच आवाज. थोडा खरखरीत, हसरा. फोरमननी टेबलाची कड घट्ट धरली. "एका तळ्यात एक कासव राहायचं. एकदा त्याला वाटलं, आपण—"

"अगं ए! चष्मा कुठे ठेवलायस माझा? किती वेळ बोंबलतोय मी!"

खट्. रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

फोरमननी घाईघाईने पुढची लावली.

"ऐकतेस ना गं, पिल्ला? एका तळ्यात एक कासव राहायचं. एकदा—"

"चहा मिळणार आहे का आज, का त्या डबड्याशीच बोलत बसणार आहेस?"

खट्.

तिसरीत आधी दार हळूच लोटल्याचा आवाज आला. मग ती कुजबुजल्यासारखी, भराभरा बोलायला लागली. "एका तळ्यात एक कासव राहायचं—"

"दार कशाला लावलंस गं? कुणाशी चाललीय ही खुसपुस?"

खट्.

फोरमनचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांनी पुढची लावली, मग त्याच्या पुढची. कासव तळ्यातच होतं.

फोनमधून नातीचा रडवेला, चिडलेला आवाज आला, "आजोबा, तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका ना! आजीला सांगू द्या!"